सहापट वजन

रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी एक फळी आहे. तिच्यावर जिराफ रंगवलाय आणि जिराफाच्या मानेवर लाल रेघ आहे, एकशे चाळीस सेंटिमीटरची. रेघेच्या खाली ज्याचं डोकं, त्यानं परत जायचं. माझी मुलगी त्या फळीला पाठ लावून दोन वर्षं उभी राहिली आणि दोन्ही वर्षं परत आली. पहिल्या वर्षी ती बरीच कमी पडली, त्यामुळे तिला फार काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी रेघ डोक्याच्या जेमतेम दोन बोटं वर होती. तिनं टाचा उचलल्या नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण घरी येईपर्यंत ती गाडीत दोन बोटं डोक्यावर ठेवून बसली होती.

आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहतो. नवरा, मी आणि ही एक मुलगी. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे, अवजड यंत्रं उचलायच्या चौकटींची ड्रॉइंग्ज तपासते. आमच्याकडे तपासण्याची एक रीत आहे. ज्यानं चौकट आखली त्याचा हिशेब तपासणाऱ्यानं वाचायचा नाही. तो मिटून ठेवायचा, कोरा कागद घ्यायचा, आणि पहिल्यापासून आपलं आपण करायचं. दोन उत्तरं जुळली तर सही. कागदाच्या डोक्यावर आधी 'गृहीत' असं लिहायचं आणि आपण काय काय धरून चाललोय ते त्याखाली मांडायचं. इतकी वर्षं हे केल्यावर ते घरीही सुटत नाही. वरच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई राहतात. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या दिवाणखान्यातल्या झोपाळ्याचे आकडे तपासल्याशिवाय मी मुलीला त्यावर बसू दिलं नव्हतं.

"अय्यो, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून टांगलाय तो," अक्का म्हणाल्या होत्या. "त्याला आता तुझी सही पाहिजे का गं?"

आकडे चांगले होते. झिजले होते, पण चांगले होते.

पार्क देवनहळ्ळीच्या पलीकडे आहे, द्राक्षांचे मळे संपून प्लॉटचे पांढरे दगड सुरू होतात तिथे. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एक दिवस तिथे जातो, आणि अक्का बरोबर असतात. त्या कशातही बसत नाहीत. झाडाखाली बसून इतरांना ओरडताना ऐकायला त्यांना आवडतं.

दुसऱ्यांदा परत आल्यावर मुलीनं वर्षभर त्या कोस्टरचा अभ्यास केला. जेवताना तो आम्हाला ऐकावा लागायचा. गाडीला इंजिन नसतं. एक साखळी तिला सगळ्यात उंच टेकाडावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढे जे काही होतं ते त्या उंचीच्या जोरावर. वर चढताना जो टकटक आवाज येतो तो खटक्यांचा. साखळी तुटलीच तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ते एकेका दातात पडत जातात. रूळ आगगाडीसारखे सपाट नसतात, पोलादी नळ्या असतात, कारण नळीला तिन्ही बाजूंनी धरता येतं. एक चाक वरून, एक बाजूनं आणि एक खालून. लाटणं आणि तीन बोटं घेऊन तिनं ते दाखवलं होतं. "म्हणून उलटी झाली तरी ती रूळ सोडूच शकत नाही," ती म्हणाली. मला ही मांडणी आवडली. मी तसं सांगितलंही.

या मार्चमध्ये शाळेचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला. तिनं पोलादी टेप आणून माझ्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. एकशे त्रेचाळीस.

"परत मोज," ती म्हणाली. परत मोजलं तरी तेवढंच आलं.

त्याच रविवारी मी कोरा कागद घेतला. तोवर त्याची गरज नव्हती. जिराफच नाही म्हणत होता. आता सही माझी होती. त्या कोस्टरला एक उभा वळसा आहे. गाडी खालून आत शिरते, वर जाऊन उलटी होते आणि पुन्हा खाली येते. मला कळायला हवं होतं की तळाशी अंगावर किती भार येतो. हिशेब कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा आहे. माथ्यावर माणूस पट्ट्याला लोंबकळू नये इतका तरी वेग हवा. तिथून तळापर्यंत येताना तो वाढतो, आणि तळाशी वळणामुळे अंग आसनात दाबलं जातं. हे सगळं मांडलं की वळशाची त्रिज्या दोन्हीकडून कटते. वळसा लहान असो की मोठा, उत्तर एकच. सहा.

"सहा काय?" नवऱ्यानं विचारलं.

"सहापट वजन, आणि ते कमीत कमी. पस्तीस किलोची पोर तळाशी दोनशे दहा किलोची होणार. डोकं चार किलोचं धर, मानेवर चोवीस."

"अगं, पण रोज शेकडो लोक बसतात त्यात."

"मोठी माणसं. क्षणभराचा भार असतो, सोसतात. हिची मान बघ."

त्यानं मुलीची मान बघितली. ती दूध पीत होती. "त्यांच्याकडेही कुणीतरी चेक करून सही केलीच असेल ना, मॅडम?"

"असेल. मी पाहिलेली नाही."

मुलीनं पेला खाली ठेवला. "म्हणजे नाही?"

"म्हणजे नाही."

"परत तपासलंस?"

"दोनदा."

ती बरं म्हणाली आणि पेला विसळायला गेली. आमच्या घरात त्यानंतर विचारण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का जिन्यातच भेटल्या. "काय गं, काय सांगितलंस पोरीला? तोंड बघवत नाही तिचं."

मी सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं. "सरी, ठीक आहे. तुझं गणित बरोबरच असणार. पण गेल्या वर्षी मी तिथे झाडाखाली दिवसभर बसले होते. उतरलेली माणसं हसत हसत ऐस्क्रीम घ्यायला जात होती. मान मोडलेलं एकही नव्हतं."

हे मला टोचत राहिलं. सहापट भारानं चांगल्या धडधाकट माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी. कारखान्यात एखादी चौकट वर्षानुवर्षं उभी असती आणि माझ्या कागदावर ती मोडते असं निघालं असतं, तर मी कागदावर शंका घेतली असती. इथेही घेतली. पण मी चूक बेरजा-गुणाकारांत शोधली, आणि ते बरोबर होते. रोज संध्याकाळी भाजी चिरताना मी ते मनात पुन्हा करत होते आणि रोज सहाच येत होते.

मुलगी रुसली असती तर सोपं गेलं असतं. ती सभ्यपणे वागत होती. पार्कला जायचं की नाही असं विचारल्यावर म्हणाली, "जाऊ या ना, बाकीचं आहेच की." लाटणं आणि तीन बोटं बंद झाली होती. चाकांबद्दल ती आता काही बोलत नव्हती.

मे महिन्यात आम्ही गेलो. डोक्यावरून विमानं उतरत होती. नवरा आणि ती पाण्याच्या घसरगुंड्यांवर गेले, मी अक्कांबरोबर बसले. मध्येच मुलगी ओल्या केसांनी आली आणि "आलेच" म्हणून जिराफाकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. ती फळीला पाठ लावून उभी राहिली. तिथल्या माणसानं तिच्या डोक्यावर तळवा आडवा धरला. रेघ तळव्याच्या खाली होती.

"सरी, होगम्मा," म्हणजे जा आत, असं म्हणून त्यानं वाटेतली साखळी काढली.

"इल्ल," ती म्हणाली. "सुम्ने." नाही, उगाच. आणि बाजूला झाली. मला पाहून म्हणाली, "मला फक्त बघायचं होतं."

त्यानंतर मला भूक नव्हती, पण जेवायची वेळ झाली होती. कँटीनची टेबलं उघड्यावर आहेत आणि समोरच तो वळसा आहे, अगदी बाजूनं दिसणारा, कागदावर काढावा तसा. अक्का बिसी बेळे भातात चमचा फिरवून म्हणाल्या, "यात बेळे आहे म्हणतात, कुठे आहे?" नवऱ्यानं आपल्या ताटातली डाळ त्यांना दाखवली. मुलगी जेवत नव्हती. गाडी आली की ती डोळ्यांनी तिच्याबरोबर फिरायची. गाडी गेली तरी वळशाकडेच बघत राहायची.

"आई, हा गोल नाहीये."

"काय?"

"वळसा. गोल नाही दिसत."

"तिरकं बघितलं की गोल अरुंद दिसतो," मी म्हणाले. हे खरं आहे, पण मी तेव्हा वळून बघितलंसुद्धा नव्हतं.

"अक्का, एक बांगडी द्या ना."

अक्कांचे हात आता वाळलेत, काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. त्यांनी एक हिरवी काढून दिली. "फोडू नकोस. सेटमधली आहे."

मुलीनं एक डोळा मिटला, बांगडी हात लांब करून समोर धरली, जरा जवळ आणली, जरा दूर नेली. "माथा बसतो," ती म्हणाली. "बरोब्बर बसतो. पण खाली नाही बसत. खाली रूळ बांगडीच्या बाहेर जातात."

"दाखव."

मी बांगडी घेतली. ती सरळ धरली आहे ना हे आधी पाहिलं, कारण कलली तर तीही लांबट दिसते. मग एक डोळा मिटला. माथ्याशी काच रुळावर काठोकाठ बसत होती. तिथून खाली येताना पोलाद काचेला सोडून दोन्हीकडे पसरत गेलं होतं, सैल, लांब कमानीनं, आणि अगदी तळाशी तर ते जवळजवळ सपाट होतं. तिरकं पाहण्याचा हा परिणाम नव्हता. तिरकं पाहिलं तर वरचा आणि खालचा अर्धा सारखेच अरुंद दिसतात. इथे दोन्हींची जातच वेगळी होती. हा उलट्या धरलेल्या थेंबासारखा वळसा होता. दोन वर्षं मी त्याच्या समोर बसून भात खाल्ला होता.

माझ्या रविवारच्या कागदावर 'गृहीत' खाली तीन ओळी होत्या. घर्षण नाही, वारा नाही, गाडीची लांबी धरलेली नाही. वळसा गोल आहे असं मी लिहिलंच नव्हतं, कारण ते मी धरलंय हेच मला कळलं नव्हतं. पुस्तकात तो नेहमी गोल असतो. आणि त्रिज्या कटली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की आकाराकडे पुन्हा बघायचं कारणच उरलं नाही.

मग मला ते दिसायला लागलं. गाडी तळाशी सगळ्यात वेगात असते, म्हणून तिथे वळण सैल ठेवलंय. वर जाईल तशी ती मंदावते, तसतसं वळण आवळत नेलंय. माथ्यावर वेग उरतो थोडा, आणि तिथल्या आवळलेल्या वळणाला तेवढा पुरतो. ज्यानं हा वळसा आखला त्यालाही कधीतरी माझा सहा मिळाला असणार. तो सहा पाहून त्यानं वळसा बदलला, आणि मी मुलीला घरी बसवलं.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"पेन आहे का?"

"ओहो," तो अक्कांना म्हणाला. "मॅडमना पेन पाहिजे. स्वल्प थांबा आता, भात गार होणार."

ताटाखालचा कागद मी उलटा केला. वर 'गृहीत' लिहिलं आणि त्याखाली 'गोल नाही'. उंची रुळाशेजारच्या खांबांवरून अंदाजानं वीस मीटर आली. माथ्याची त्रिज्या बांगडीवरून सहा. तळाच्या कमानीसाठी बांगडी डोळ्याजवळ आणत आणत मोठी केली, तेव्हा अठरा आली. उत्तर साडेतीनच्या जरा पुढे गेलं.

"साडेतीन," मी म्हणाले. "सहा नाही."

नवऱ्यानं हिशेब केला. "म्हणजे मानेवर चौदा किलो. तिच्या दप्तरापेक्षा थोडंसंच जास्त."

मी मुलीकडे बघितलं. मला वाटलं ती उठून धावत सुटेल. ती बसून होती. तिनं कागद आपल्याकडे ओढला, वाचला, आणि परत माझ्याकडे सरकवला.

"परत तपास," ती म्हणाली.

"अय्यो देवा," अक्का म्हणाल्या. "आता दोघी झाल्या."

मी परत तपासलं. या वेळी माझा डोळा चुकलाय असं धरलं आणि तळाची कमान मुद्दाम आवळली, अठराऐवजी चौदा. वाईटात वाईट सव्वाचार आलं, तेही क्षणभर. मग रांगेच्या तोंडाशी जाऊन सूचनांचा फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मान, पाठ, हृदय, यांपैकी काही असेल तर बसू नका. मुलीला यांपैकी काही नव्हतं. फळीपाशी असलेल्या माणसाला विचारलं की सकाळी सुरू करताना काय करता. आधी रिकामी गाडी सोडतो, मग वाळूची पोती बसवून सोडतो, म्हणाला. पोती किती किलोची, हेही मी विचारलं. मागे रांग वाढत होती.

"आता?" मुलगी म्हणाली.

"आता हो."

तिनं तोंडावर हात ठेवला आणि खाली बसली. उभी राहिली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

आमच्या कारखान्यात आणखी एक रीत आहे. नव्या चौकटीवर पहिल्यांदा भार चढवतात तेव्हा जिची सही असते तिनं जवळ उभं राहायचं. कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही, पण न येणाऱ्याबद्दल चहाच्या वेळी बोललं जातं. तेव्हा मला बसावंच लागणार होतं. नवऱ्याला घाटात उलटी होते. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बेडा, नको गं बाई. माझे दात बसवलेले आहेत. तुझ्या वळशात ते तळाला राहतील आणि मी माथ्याला."

चष्मा आणि बांगडी नवऱ्याकडे दिली. खांद्यावरून जाड दांडे खाली आले आणि कुलुपासारखे लागले. मी माझा ओढून पाहिला, मग तिचा. तिनंही माझा ओढून पाहिला. गाडी साखळीला लागली. टकटक सुरू झालं.

"खटके," ती म्हणाली. इतक्या आठवड्यांनी ती त्याबद्दल पहिल्यांदा बोलली होती.

"ऐकतेय."

वरून द्राक्षांचे मळे दिसले, प्लॉटचे दगड दिसले, धावपट्टीची एक पांढुरकी पट्टी दिसली, सगळं चष्म्याशिवाय पुसट. मग साखळीनं सोडलं. तळाशी काय होतं ते लक्ष देऊन पाहायचं असं मी ठरवलं होतं. मांडीवरचा हात उचलून बघायचा, किती जड लागतो ते. वळशात शिरताना हात उचलायला गेले आणि तो उचलला गेला नाही; कुणीतरी ओली गोधडी अंगावर टाकल्यासारखं झालं. ती लगेच निघालीही. माथ्यावर काहीच वजन नव्हतं. आकाश पायाशी होतं, आणि बाजूला मुलगी ओरडत नव्हती. ती डोळे उघडे ठेवून रुळाकडे बघत होती. पुन्हा गोधडी आली आणि गेली. शेवटी गाडी खसकन मंदावली आणि उभी राहिली.

"किती?" तिनं विचारलं.

"साडेतीनच्या आसपास."

"मला चार वाटलं."

"चारही असेल."

खाली आल्यावर तिनं नवऱ्याला आणि अक्कांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, तीन बोटांसकट. मग ती माझ्याकडे वळली. तिला परत जायचं होतं. मी मान हलवायला गेले, तर डाव्या बाजूला कळ आली. सव्वाचार धरताना मी तिची मान धरली होती, माझी पन्नाशीजवळची मान धरायची राहून गेली होती.

"तू जा," मी म्हणाले. "मी खाली आहे."

ती एकटी गेली. जिराफाकडे तिनं बघितलंही नाही. मी कुंपणाशी, बरोबर वळशाच्या समोर जाऊन उभी राहिले. नवऱ्यानं चष्म्याबरोबर परत दिलेली बांगडी माझ्या मुठीत होती. अक्का शेजारी आल्या. टेकाडावर टकटक सुरू झालं, थांबलं, आणि गाडी आली. उलट्या लोंबणाऱ्या केसांमध्ये कुठली पोर कुणाची ते काही कळत नव्हतं.

"ती बघ, ती! पिवळ्या फ्रॉकवाली!" अक्का म्हणाल्या.

"अक्का, तिनं निळा टीशर्ट घातलाय."

"मग ती."

गाडी माथ्यावरून खाली सुटली. तळाशी पोलाद घुमलं, आणि खाली जमिनीवर मी खांदे वर ओढून मान घट्ट धरून उभी होते. गाडी निघून गेली तरी तशीच होते. अक्कांनी माझी मूठ उघडून बांगडी काढून घेतली.

"सोड आता," त्या म्हणाल्या. "फुटेल."